काचेच्या पेटीतला आवाज

आमचे नाना रेल्वेत गार्ड होते. नोकरी भुसावळची, घर सावद्याचं. यार्डाला लागून असलेल्या रनिंग रूममध्ये, शेजारून मालगाड्या धडधडत असताना, ते गाढ झोपत. केळीच्या हंगामात सावदा स्टेशनात वॅगन भरण्याची जी आरडाओरड चाले, तिनंही त्यांची कूस बदलत नसे. असा माणूस वयाच्या पंचाहत्तरीत एका मुठीएवढ्या यंत्रानं हैराण झाला, तिथून ही गोष्ट सुरू होते.

2006 साली माझ्या मुलानं हट्ट धरला म्हणून जळगावहून दोन फुटांची काचेची पेटी आणली. आठ गोल्डफिश, तळाला रंगीत खडी आणि हवा सोडणारा एक छोटा पंप. जागा एकच होती, ती म्हणजे नानांच्या खोलीतलं भिंतीतलं फडताळ. पहिल्याच रात्री नानांनी हाक मारली, "बंद कर ना रे बाप्पा ते, मले झोपच नाही लागत." मी म्हटलं, नाना, तुम्ही तर गाडीच्या आवाजात झोपायचे. त्यावर ते म्हणाले, "गाडी येते अन् जाते. हे जातच नाही."

आठवडाभर त्यांनी सोसलं. मग एका रात्री उठून स्वतःच बटण बंद केलं. मे महिना होता. सकाळी पाहतो तर पाच मासे उलटे झालेले आणि उरलेले तीन पृष्ठभागाशी तोंड उघडून धापा टाकत होते. नाना त्या दिवशी जेवले नाहीत. मुलगा त्यांच्याशी बोलेना. मी इतिहासाचा शिक्षक, यंत्रातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण घरातलं भांडण मिटवायचं तर हा आवाज येतो कुठून, हे पाहणं भाग होतं. आणि शोधायला लागल्यावर माझी सवय मला मागे मागे घेऊन गेली.

गंमत अशी की घरातली माशांची पेटी जन्माला आली तेव्हा मुकी होती. लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी 1850 मध्ये आपला प्रयोग प्रसिद्ध केला. काचेच्या भांड्यात गोल्डफिश, व्हॅलिस्नेरिया नावाचं पाणगवत आणि घाण खाणाऱ्या गोगलगाई. गवत प्राणवायू देतं, मासे तो घेतात, गोगलगाई कुजलेली पानं संपवतात. पाणी बदलायला नको, पंप नको. 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडलं आणि पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचं 'द अ‍ॅक्वेरियम' हे पुस्तक आलं. त्यानंतर इंग्रजांच्या दिवाणखान्यांत काचेच्या पेट्यांची साथच आली म्हणा ना. त्या पेट्या शांत होत्या, कारण त्यांत मासे मोजके असत आणि इंग्लंडचं पाणी थंड असे.

यातला दुसरा भाग खानदेशात महत्त्वाचा. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. वीस अंशांच्या एक लिटर पाण्यात साधारण नऊ मिलिग्रॅम मावतो, पस्तीस अंशांना तो सातवर येतो. आमच्याकडे मे महिन्यात रात्रीही भिंती भाजतात. त्यात दोन फुटांत आठ मासे! म्हणजे पंप बंद केला ते निमित्त झालं, अर्धी चूक मी दुकानातच करून आलो होतो. हे मी नानांना सांगितलं. त्यांचा चेहरा किंचित उजळला, पण मुलाची समजूत पटायला वेळ लागला.

आवाज आला तो विजेबरोबर. हवेच्या पंपात एक तारेचं वेटोळं असतं आणि त्यासमोर लोहचुंबक बसवलेली एक लवचीक दांडी. आपल्या विजेचा प्रवाह सेकंदाला पन्नास आवर्तनं करतो, तशी ती दांडी पन्नास वेळा मागेपुढे होते आणि रबरी पडद्याला भात्यासारखं हलवते. हीच ती घूंऽऽ. मोठ्या मत्स्यालयांना याचा त्रास नाही. 1951 मध्ये मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तारापोरवाला मत्स्यालयाचं उद्घाटन झालं. शाळेच्या सहलीत मी ते पाहिलं, तेव्हा काचेपलीकडचं ते निःशब्द जग पाहून थक्क झालो होतो. यंत्रं भिंतीमागे असतात, हे तेव्हा सुचलंही नाही. आमच्या घरात 'भिंतीमागे' म्हणजे शेजाऱ्यांचं स्वयंपाकघर.

खरं सांगायचं तर पंपाचा स्वतःचा आवाज थोडाच असतो. तो वाढवते ती फळी. आमच्या फडताळाची सागवानी फळी तबल्याच्या पुडीसारखी घुमत होती. पंप उचलून हातात धरला आणि आवाज निम्म्यावर आला! मग तो खिळ्याला सुतळीनं टांगला, भिंतीला टेकणार नाही असा, आणि पाण्याच्या पातळीपेक्षा उंच. उंच अशासाठी की त्या वर्षांत भारनियमनाचा सुकाळ होता. वीज गेली की खाली ठेवलेल्या पंपात नळीतून पाणी उलटं उतरतं. नळीत एकाच दिशेनं हवा जाऊ देणारी झडप बसवली की ही धास्तीही जाते. हवेचा सच्छिद्र दगड क्षारांनी बुजला तर पंपाला जोर करावा लागतो आणि तो अधिक कण्हतो. आमच्या बोअरच्या जड पाण्यात हे फार लवकर होतं. दगड बदलला, कण्हणं थांबलं.

पुढं काठावर टांगायचा फिल्टर आणला, तर पाणी पडण्याचा नवा आवाज. तोही उन्हाळ्यात वाढतो, कारण पेटीतलं पाणी उडून पातळी खाली जाते आणि धार उंचावरून पडते. रोज संध्याकाळी तांब्याभर पाणी घालायचं काम नानांनी आपल्याकडे घेतलं. हे पाणी रात्रभर बादलीत ठेवलेलं असे. पातळी काठाशी असली की धार पाण्यावरून नुसती घसरते. फिल्टरच्या आतल्या फिरत्या चक्रीत वाळूचा कण अडकला तर ती खरखरते. ती काढून जुन्या टूथब्रशानं धुवायची. एवढ्यावर दोन वर्षं सुखाची गेली.

मग जळगावच्या एका स्नेह्यानं घर बदलताना चार फुटांची पेटी देऊ केली. ही पुढच्या खोलीत ठेवली. हिची रचना निराळी होती. वरचं जादा पाणी उभ्या नळीतून खालच्या टाकीत उतरतं, तिथं गाळलं जातं आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. सुरू केली आणि घरात कुणीतरी मोठ्यानं चूळ भरतंय असं वाटायला लागलं. शांत, शांत, मग एकदम घळ्ळ! पुन्हा शांत. फोमचे तुकडे कोंबले, नळीला गोणपाट गुंडाळलं. व्यर्थ.

उत्तर दिलं माझ्या चुलतभावानं. त्याची केळीची बाग. लांबच्या विहिरीवरून पाइपलाइननं पाणी आणलेलं. त्यानं नळीला कान लावला आणि म्हणाला, "दादा, हिले हवा जाया-यायाले जागाच नाही." पाइपलाइनच्या चढावर तो एअर व्हॉल्व्ह बसवतो, नाहीतर हवेचा गोळा अडकून पाणी तुटतं. इथंही तेच होत होतं. उतरणारं पाणी हवा ओढतं, नळी क्षणभर पूर्ण भरते, सगळं पाणी एकदम शोषलं जातं, मग हवा घुसून ती ओढ तुटते. आम्ही नळीला वर टोपण बसवून त्याला सुईएवढं भोक पाडलं आणि आवाज थांबेपर्यंत ते जरा जरा वाढवत नेलं. नळीचं खालचं टोक पाण्यात बोटभरच बुडेल असं कापलं. जास्त बुडालं तर हवा ढेकर देत बाहेर येते. अमेरिकेतल्या हौशी मंडळींत अशाच नळीला 'दुर्सो' म्हणतात, हे मला फार नंतर कळलं.

मला मात्र त्या भोकाकडं पाहताना बऱ्हाणपूर आठवलं. सावद्याहून रावेरमार्गे तासा-दीड तासाच्या अंतरावर हे शहर आहे. सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, अब्दुर्रहीम खानखानाच्या सुभेदारीत, सातपुड्याच्या पायथ्याशी झिरपणारं पाणी भुयारातून शहराकडे आणलं गेलं. तोच कुंडी भंडारा. भुयारावर शंभराहून अधिक उभ्या कुंड्या आहेत, खोदायला, दुरुस्तीला आणि हवेलाही. कुठं मोट नाही, रहाट नाही, केवळ उतार. त्याच काळात मलिक अंबरनं आज छत्रपती संभाजीनगर झालेल्या शहरात नहर खेळवली. पुढं पाणचक्कीसाठी बंद नळांतून पाणी आणलं, तेव्हा वाटेत हवा सुटायला विटा-चुन्याचे उभे बंबे बांधले. पाणचक्कीत ते पाणी मुद्दाम उंचावरून हौदात पाडलंय. तिथं ते गाजायलाच हवं. या बांधकाम करणाऱ्यांना कुणाच्या झोपेची चिंता नव्हती, हे मला कबूल आहे. त्यांना पाणी तुटायला नको होतं. पण पाण्याबरोबर हवेचीही वाट आखावी लागते, हे त्यांना आणि माझ्या केळीवाल्या भावाला माहीत होतं. मला ते माशांनी शिकवलं.

नानांच्या खोलीतली लहान पेटी तशीच राहिली. तिचा आवाज आता इतका बारीक होता की पाहुण्यांना सांगितल्याशिवाय कळत नसे. नानांना मात्र तो ऐकू यायचा. भारनियमनानं मध्यरात्री वीज गेली की पंखा बंद पडल्याचं आम्हाला घामानं कळायचं, नानांना आवाज थांबल्यानं आधीच जाग यायची. माझ्या दारावर टकटक होई, "माशांची लाइट गेली रे." मी उठून जाईपर्यंत ते कंदील लावून, पेटीतलंच पाणी तांब्यात घेऊन, हातभर उंचीवरून पुन्हा पेटीत सोडत बसलेले असत. तेवढ्यानं पाण्यात हवा मिसळते. वीज येईपर्यंत, कधी कधी पहाटेपर्यंत, त्या खोलीत पाणी पडण्याचा तेवढाच आवाज असे.