लष्करी बिल्ल्याचा काळ कसा ठरवावा? मराठा पलटणींचे उदाहरण

समजा एका सैनिकी परंपरेच्या घरात तुम्हाला जुना पितळी बिल्ला दाखवला. त्यावर इंग्रजीत 'मराठा लाइट इन्फंट्री' हे नाव, त्याआधी ५ हा आकडा आणि वर मुकुट आहे. घरातले म्हणतात, "आमचे पणजोबा पहिल्या महायुद्धात कुतच्या वेढ्यात होते. हा त्यांचा तेव्हाचा बिल्ला." हे विधान तपासायचे कसे? तीन गोष्टी क्रमाने पाहू.

१. नाव आणि क्रमांक

बिल्ल्यावरची कलाकुसर पाहण्याआधी अक्षरे वाचा. लॉर्ड किचनर सरसेनापती असताना १९०३ मध्ये पलटणींना नवे क्रमांक मिळाले. जुन्या मुंबई सैन्यातील पायदळ पलटणींच्या क्रमांकात शंभर मिळवले गेले आणि ३ क्रमांकाची पलटण १०३ झाली. १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ या मराठा पलटणी त्या काळातील. १९२२ च्या पुनर्रचनेत या सहा पलटणी एकत्र येऊन '५वी मराठा लाइट इन्फंट्री' ही रेजिमेंट झाली. १९४५ मध्ये ५ हा क्रमांक गळला. नावाचे स्पेलिंगही पाहा. ब्रिटिशकाळातील लेखनात 'टी' हे अक्षर दोनदा येते, स्वातंत्र्यानंतरच्या लेखनात एकदाच.

कुतचा वेढा डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ असा चालला. आजच्या इराकमधील त्या गावात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी अडकल्या होत्या. तिथल्या शिपायाच्या बिल्ल्यावर क्रमांक असलाच, तर तो यांपैकी एक असणार. रेजिमेंटचा ५ हा क्रमांक १९२२ पूर्वी नव्हताच. म्हणजे हा बिल्ला कुतचा नाही.

२. मुकुट

मुकुटाचा आकार राजवटीनुसार बदलतो. १९०१ नंतरच्या राजांच्या काळात मुकुटाच्या कमानी घुमटासारख्या वर गोल असतात. व्हिक्टोरिया राणीच्या आणि पुढे एलिझाबेथ राणीच्या काळातील मुकुटाच्या कमानी मध्यभागी खाली दबलेल्या दिसतात. २६ जानेवारी १९५० रोजी भारत प्रजासत्ताक झाला आणि मुकुटाची जागा अशोकस्तंभाच्या सिंहांनी घेतली. एलिझाबेथ राणी गादीवर आली ती फेब्रुवारी १९५२ मध्ये. त्यामुळे ५ क्रमांकाच्या मराठा बिल्ल्यावर दबलेल्या कमानींचा मुकुट दिसला, तर नाव आणि मुकुट यांचा मेळ बसत नाही. अशी वस्तू नंतर बनवलेली नक्कल समजावी.

हा नियम सर्वत्र सरसकट लावू नका. फाळणीनंतर काही रेजिमेंट पाकिस्तानात गेल्या आणि पाकिस्तान २३ मार्च १९५६ पर्यंत राजमुकुटाखालचे अधिराज्य होते. चार गुरखा रेजिमेंट ब्रिटिश सैन्यात गेल्या. तिथे राणीचा मुकुट असणे शक्य आहे.

३. घडण आणि झीज

बिल्ला उलटा करून पाहा. साच्याने दाबून काढलेल्या पातळ बिल्ल्याची मागची बाजू बहुधा पोकळ असते आणि पुढच्या उठावाचा उलटा ठसा तिथे दिसतो. ओतीव बिल्ला जाड असून त्याचा पृष्ठभाग खरखरीत असतो. पण ओतीव म्हणजे खोटा, असे मानू नका. युद्धकाळात स्थानिक कारागिरांनीही बिल्ले ओतून दिले. झीज कुठे आहे हेही पाहा. रोज घासलेल्या बिल्ल्याचे उंच भाग गुळगुळीत होतात आणि खाचांत मळ राहतो. सगळीकडे सारखाच काळपटपणा असेल, तर तो रसायनाने आणलेला असू शकतो. हा पुरावा पूरक आहे. एकट्या झिजेवरून वर्ष ठरत नाही.

निष्कर्ष कसा मांडावा?

बिल्ला दोन प्रकारच्या मर्यादा देतो आणि त्यांचे बळ सारखे नसते. 'याआधीचा नाही' ही मर्यादा पक्की असते, कारण जे नाव अस्तित्वातच नव्हते ते कोणी कोरणार नाही. 'यानंतरचा नाही' ही मर्यादा सैल असते. नाव बदलले तरी जुना साठा वापरात राहतो आणि जुन्या साच्यांतून पुढे विक्रीसाठीही बिल्ले काढता येतात. म्हणून "हा १९३० चा बिल्ला" असे लिहू नका. "नमुना १९२२ ते १९४५ या काळातील, वस्तू १९२२ पूर्वीची नाही" असे लिहा.

मग त्या घरातल्यांना काय सांगायचे? पणजोबा कुतला नव्हते, असे मुळीच नाही. बिल्ल्यावर पलटणीचे नाव असते, माणसाचे नसते. हा बिल्ला पुढच्या पिढीतील कोणाचा असू शकेल. पहिल्या महायुद्धाचे पदक घरात असेल तर त्याची कड भिंगातून वाचा. तिथे शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली सापडते. तिथे ११७ दिसले, तर पणजोबा कुतला गेलेल्या पलटणीत होते हे ठरेल. ते स्वतः वेढ्यात होते का, याचा शोध मात्र पुढे चालू ठेवावा लागेल. बिल्ल्याची तारीख चुकली म्हणून घरातली आठवण खोटी ठरत नाही आणि आठवण खरी निघाली म्हणून बिल्ला जुना होत नाही. दोन्हींची नोंद स्वतंत्र करा.

स्वाध्याय: एका बिल्ल्यावर ११० हा क्रमांक आणि गोल कमानींचा मुकुट आहे. त्याच्या दोन्ही मर्यादा कारणांसह लिहा.