आंबागडचे पाणी

इंग्रजी वाङ्मयाचा थोडाबहुत अभ्यास ज्याने केला आहे त्यास बाथ हे गाव न पाहताच ओळखीचे होते. रोमन लोकांनी तेथील ऊन झऱ्यांभोवती स्नानगृहे बांधली. अठराव्या शतकात बो नॅशने त्या गावास उमरावांच्या करमणुकीचे केंद्र बनविले. आणि जेन ऑस्टिनची पात्रे तेथे पाणी पिण्याच्या निमित्ताने जमतात व लग्ने जुळवून परततात. बोहेमियातील कार्ल्सबाड, जर्मनीतील बाडेन ही गावेही याच मालिकेतील. नवराबायकोने सकाळी गाडी करावी, अशा टापूतील लहान लहान गावांतून हिंडावे, एके ठिकाणी पेलाभर खारट पाणी प्यावे, दुसरीकडे एखादे जुने मंदिर पाहावे व दिवेलागणीस घरी यावे, हा तिकडील सुखवस्तू मंडळींचा जुना परिपाठ होय. आमच्याकडे ऊन पाण्याची स्थळे नाहीत असे नाही. कोकणात वज्रेश्वरी, उन्हवरे व राजापूर आहेत, खानदेशात उनपदेव आहे, पैनगंगेच्या काठी उनकेश्वर आहे. परंतु तेथे आपला मनुष्य जातो तो देवाच्या अथवा खरजेच्या कारणाने. सहलीसाठी पाण्याकडे जावे ही कल्पना आमच्या अंगवळणी पडलेली नाही.

गेल्या हिवाळ्यात आम्हां उभयतांस एक दिवसाची सवड मिळाली, तेव्हा ही कसर भरून काढावी असे मनात आले. नागपुराहून निघून भंडारा, मोहाडी, तुमसर या वाटेने आंबागडास जावे, तेथून गायमुखाचा झरा पाहावा आणि रामटेकवरून परतावे, असा बेत ठरला. या बेतात माझा एक खाजगी हेतू होता, तो पुढे सांगतो. सौभाग्यवतीचे माहेर नागपुरातील महालातले. तिच्या पूर्वजांनी चार पिढ्या भोसल्यांचे मीठ खाल्लेले. त्यामुळे भोसल्यांविषयी कोणी वावगा शब्द काढला की तो स्वतःच्या आजोबांस लागला असे ती धरून चालते. इतिहासाच्या प्राध्यापकाच्या घरी ही गोष्ट नेहमीच सोयीची असते असे नाही.

भंडारा हे फार जुने गाव. रतनपूरच्या कलचुरी राजा जाजल्लदेव याच्या १११४ सालच्या शिलालेखात ‘भाणार’ या मंडलाचा उल्लेख येतो, तो याच गावाचा असे विद्वान मानतात. येथील पितळी भांड्यांची ख्याती सर्वश्रुत आहे. ‘भाणे’ या शब्दावरूनच गावास नाव पडले असेही सांगतात, पण नावांच्या व्युत्पत्ती जेवढ्या गोड तेवढ्याच निसरड्या. येथील जुना किल्ला गवळी राजांनी बांधला अशी लोकसमजूत आहे. त्याच किल्ल्यात इंग्रजांनी पुढे तुरुंग केला. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. किल्ल्याचा तुरुंग करणे ही काही एकट्या मराठ्यांचीच रीत नव्हती.

मोहाडी व आंधळगाव ही कोष्ट्यांची गावे. ऐन व अर्जुन या झाडांवर वाढणाऱ्या कोशांचे रेशीम काढून विणलेले येथील कापड एके काळी दूरवर जात असे. एका ओटीवर माग चालू होता, तो पाहण्यात आमचा अर्धा तास गेला. आणि एक उपरणे घेतल्यावाचून तेथून हलणे सौभाग्यवतीस प्रशस्त वाटले नाही. तुमसर म्हणजे भाताचा बाजार. गावापासून थोड्या अंतरावर मुंबई-हावडा लोहमार्ग जातो. १८८२ साली सुरू झालेल्या नागपूर-छत्तीसगड रेल्वेची अरुंद वाट पुढे बंगाल-नागपूर कंपनीने रुंद केली, आणि या भागातील तांदूळ व त्यामागोमाग मॅंगनीज बाहेर जाऊ लागले. चिखला व डोंगरी बुजुर्ग या खाणी याच तालुक्यातील. भूमीने एवढे दिलेल्या मुलुखातील रस्ते असे का असावेत, हा प्रश्न इतिहासाच्या कक्षेबाहेरचा म्हणून सोडून देतो.

सबंध वाटेवर डावीउजवीकडे तळी दिसत होती. भंडारा व गोंदिया मिळून हा तळ्यांचाच मुलूख. दक्षिणेकडे कोहळी लोकांनी बांधलेले नवेगाव व शिवनी येथील बांध तर प्रसिद्धच आहेत. पावसाचा थेंब कोठे अडवावा, कोठून सोडावा, कोणत्या शेतास किती द्यावा, हे शास्त्र येथील शेतकऱ्यास पिढ्यान्‌पिढ्या अवगत होते. ज्या प्रांतात माणसांना पाण्याची एवढी जाण, त्याच प्रांतात पाण्याने माणसे मारल्याची कथा ज्याच्याविषयी सांगतात तो किल्ला उभा आहे.

आंबागड तुमसरपासून सुमारे आठ मैलांवर, सातपुड्याच्या एका झाडीने झाकलेल्या फाट्यावर आहे. (छत्तीसगडातील आंबागड चौकी ती निराळी, नामसादृश्यामुळे या दोहोंचा घोटाळा झालेला मी पाहिला आहे.) देवगडचा गोंड राजा बख्तबुलंद १६८६ च्या सुमारास गादीवर आला. औरंगजेबाच्या दरबारी जाऊन त्याने इस्लाम धर्म स्वीकारला व बख्तबुलंद हे नाव घेतले. १७०२ च्या सुमारास बारा खेडी एकत्र करून नागपूर शहराचा पाया त्यानेच घातला. त्याच्या पदरी राजखान नावाचा एक पठाण सरदार होता. सिवनीकडील दिवाणगिरी त्याच्या घराण्यात होती. या राजखानाने १७०० च्या सुमारास आंबागड बांधला असे गॅझेटियरांत नमूद आहे. पुढे चांदसुलतानाच्या मृत्यूनंतर देवगडच्या घरात कलह माजला, वलीशहाने गादी बळकाविली, राणी रतनकुंवरने रघूजी भोसल्यांस साह्यास बोलाविले, आणि साह्यास आलेले भोसले १७४३ पर्यंत राज्याचे धनी झाले. गोंड राजास नाव व नेमणूक राहिली, सत्ता गेली. आंबागडही या ओघात भोसल्यांकडे आला.

आता त्या कथेकडे वळू. गॅझेटियर म्हणते की रघूजी भोसल्याने या गडाचा तुरुंग केला, व तेथील कैद्यांस गडावरील साचलेल्या विहिरीचे विषारी पाणी पिण्यास भाग पाडून त्यांचा अंत घडवून आणीत. एवढेच, एक वाक्य, फार तर दोन. या वाक्याशी माझा जुना संबंध आहे. वीसएक वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या एका लहानशा पुस्तकात मी ते जसेच्या तसे उतरविले, आणि वर स्वतःच्या पदरचा एक शब्द घातला: ‘पहिला’. पहिल्या रघूजीने हे केले, असे मी लिहिले. पुस्तक फारसे खपले नाही, पण ते वाक्य मात्र खपले. पुढे ते मला उत्तरपत्रिकांत भेटू लागले, आणि एका वर्षी तर एका वक्त्याच्या तोंडी, मी व्यासपीठावर बसलो असता. गड डोळ्यांनी पाहावा ही निकड मला लागली होती ती यामुळे.

चढण फार नाही, परंतु पन्नाशी उलटलेल्या माणसाने तिची थट्टा करू नये. दरवाजा भक्कम आहे, बुरूज बऱ्याच अंशी उभे आहेत, आतील वाड्यांचे अवशेष झाडीत विखुरले आहेत. विहिरीपाशी गुरे वळणारा एक वृद्ध गृहस्थ बसला होता. हे पाणी कोणी पितात काय, असे मी विचारले. तो म्हणाला, “ह्या बावडीचं पानी ढोरंबी पेत नाही जी.” मी विजयी मुद्रेने सौभाग्यवतीकडे पाहिले. ती काठावरून खाली पाहत होती. पाण्यावर हिरवा गालिचा पसरला होता, सागाची पाने कुजत होती. थोड्या वेळाने तिने विचारले, “अहो, रघूजी म्हणजे कोणता रघूजी?”

प्रश्न साधा होता, आणि तो मला वीस वर्षांपूर्वीच सुचावयास हवा होता. नागपूरच्या गादीवर तीन रघूजी झाले. पहिला १७५५ साली वारला. दुसरा १८१६ साली. तिसरा १८५३ च्या डिसेंबरात, आणि त्याच्या मागे औरस पुत्र नाही या सबबीवर डलहौसीने १८५४ साली राज्य खालसा केले. गॅझेटियरातील वाक्य कोणत्याही रघूजीचे नाव घेत नाही. पहिल्याने गड घेतला म्हणून तुरुंगही त्यानेच केला असला पाहिजे, हे अनुमान केवळ माझे. उलट पहिल्याविषयी सिवनीकडे जी हकीकत सांगतात ती अगदी निराळी आहे. राजखानाच्या घराण्यातील महंमदखान याने रामटेकच्या उत्तरेकडील डोंगरताल हे ठाणे आपल्या धन्यासाठी तीन वर्षे लढविले. त्याची निष्ठा पाहून रघूजीने त्यास निरोप धाडला की ठाणे सोड, सिवनीचा कारभार तुला देतो. आणि दिलेला शब्द पाळला. ज्याने गड बांधणाराच्या वंशजास असे वागविले त्याने त्याच गडावर कैद्यांस विष पाजले नसेलच, असे यावरून सिद्ध होत नाही. शत्रूशी उदार असलेला राजा कैद्याशी निष्ठुर असू शकतो. परंतु मला तो ‘पहिला’ शब्द लिहिण्याचा अधिकार नव्हता, एवढे निश्चित.

दुसऱ्या रघूजीकडे बोट दाखविणे अधिक सोपे आहे. १८०३ च्या युद्धात कटक व वऱ्हाडचा भाग गमावल्यावर त्याने प्रजेकडून पैसा काढण्याचे नाना मार्ग शोधले, आणि लोक त्यास ‘बडा बनिया’ म्हणू लागले. अशा राजवटीत तुरुंग भरलेले असणार. पण जे सोपे दिसते ते खरे असतेच असे नाही, हा धडा मी नुकताच घेतला असल्यामुळे येथेच थांबतो.

आता विषाविषयी. राज्य खालसा केल्यावर पूर्वीच्या राजवटीचे क्रौर्य सांगणाऱ्या कथा इंग्रज अंमलदारांस प्रिय होत्या, हे खरे. आणि म्हणून सारी कथा त्यांनीच रचली असे म्हणण्याचा मोह सौभाग्यवतीस झाला. तो मला मान्य करता येईना, कारण गावातील म्हाताऱ्यांच्या तोंडीही ती आहे, आणि त्यांनी काही गॅझेटियर वाचलेले नाही. मला दिसते ते असे. डोंगरावरील विहिरीस वाहता झरा नसला की तीत केवळ पावसाचे पाणी साचते. पाने, पक्षी, जनावरे तीत कुजतात. मोकळा मनुष्य हे पाणी टाळून खालच्या ओढ्यावर जातो, पण कैद्यास खाली जाता येत नाही. हगवण व पटकी यांनी तो मरतो. पटकीचा जंतू पाण्यातून पसरतो हे कॉखने १८८४ साली दाखविले. त्यापूर्वी एकाच विहिरीचे पाणी पिऊन माणसांमागून माणसे मेलेली पाहणाऱ्यास ‘विष’ यावाचून दुसरा कोणता शब्द सुचणार? विहिरीत कोणी काही कालविले नसावे. कैद्यांसाठी खालून घागरभर पाणी आणविण्याची तसदी मात्र कोणी घेतली नाही.

“म्हणजे दोष गेला म्हणता?” सौभाग्यवतीने विचारले.

“गेला नाही, बदलला. हेतू नव्हता, पण बेफिकिरी होती.”

“मग तो वाढला,” ती म्हणाली. “हेतूला कारण तरी असतं.”

महालातल्या माणसाकडून भोसल्यांविषयी एवढे कठोर वाक्य मी तोवर ऐकले नव्हते. गड उतरेपर्यंत दोघांत फारसे बोलणे झाले नाही.

गायमुख तेथून जवळच, त्याच डोंगरांच्या कुशीत. महाशिवरात्रीस येथे मोठी यात्रा भरते. पचमढीच्या महादेवास जाणे ज्यांना जमत नाही ते येथे येतात. आम्ही गेलो तेव्हा सारे सामसूम होते. गाईच्या मुखातून झऱ्याची थंड धार अखंड पडत होती. बाथच्या पाण्याप्रमाणे यात क्षार नाहीत, औषधी गुणाची जाहिरात नाही, पेल्याची किंमतही नाही. सौभाग्यवतीने बरोबरचा तांब्या भरला आणि माझ्यापुढे धरला. विहीर डोळ्यांपुढे असल्यामुळे मी क्षणभर थबकलो, मग प्यालो. पाणी उत्तम होते.

रामटेकच्या टेकडीवरील दिवे दिसू लागले तेव्हा अंधार पडला होता. तेथील राममंदिराचा जीर्णोद्धार रघूजी भोसल्यांनी केला अशी प्रसिद्धी आहे. मी ते बोलून दाखविले, आणि बोलतानाच मला हसू आले, कारण तिचा प्रश्न मला आधीच ऐकू आला होता. घरी पोहोचल्यावर त्या जुन्या पुस्तकाची माझी प्रत काढून ‘पहिला’ या शब्दावर रेघ मारली. ज्या विद्यार्थ्यांनी तो शब्द माझ्या भरवशावर पाठ केला त्यांपैकी कित्येक आज स्वतः शिक्षक आहेत. त्यांच्यापर्यंत ही रेघ पोहोचावी म्हणून हे लिहिले आहे.