गांधीजींचं ते वाक्य नेमकं कितव्या पानावर?

राजेहो, २ ऑक्टोबर आणि ३० जानेवारी जवळ आली की व्हॉट्सअॅपवर गांधीजींच्या नावानं वाक्यं फिरायला लागतात. खाली पुरावा म्हणून 'समग्र वाङ्मय, खंड अमुक, पान तमुक'. कुणीतरी मोबाईलवर तो खंड उघडतो, त्या पानावर भलतंच पत्र निघतं, आणि मग 'हे साफ खोटं आहे' म्हणून भांडण. वाक्य खोटं असूही शकतं. पण कधी कधी वाक्य खरं असतं, पानच दुसऱ्या आवृत्तीचं असतं.

ही गोष्ट आपल्या जिल्ह्याची आहे. सिंदीहून गाडीत बसलं, तुळजापूर, सेलू रोड मागं टाकलं की सेवाग्राम. १९३६ पासून बापूंचं घर तिथं. त्यांचं इंग्रजी समग्र वाङ्मय छापायचं काम केंद्र सरकारनं १९५६ मध्ये हाती घेतलं. पहिला खंड १९५८ चा, शंभरावा १९९४ चा. जगभरच्या अभ्यासकांनी तळटिपा दिल्या त्या याच पानांच्या.

१९९९ मध्ये त्याची सीडी निघाली. छापील संचात मूळ मजकूर ९० व्या खंडात संपतो, पुढं पुरवण्या आणि सूच्या. सीडीत पुरवण्यांमधली पत्रं तारखेप्रमाणं मधे घातली, खंड नव्यानं पाडले, झाले ९८. सेवाग्राम आश्रमाच्या संकेतस्थळावर आपण उघडतो ते हेच ९८. 'हिंद स्वराज' दोन्हीकडं दहाव्याच खंडात आहे. पण छापील खंडात ते सहाव्या पानापासून सुरू होतं, इकडं दोनशे पानं उलटल्यावर!

पुढं या नव्या मांडणीचे छापील खंडही काढले. त्यातल्या काही नोंदी गळाल्याचं अभ्यासकांनी दाखवलं, ओरड झाली आणि २००५ मध्ये सरकारला ती आवृत्ती मागं घ्यावी लागली. मोबाईलमधल्या फाइली मात्र कोण मागं घेणार?

हे तरी पीडीएफ, पानं ठरलेली. खऱ्या इ-पुस्तकात तर पान नावाची वस्तूच नाही. आजोबांनी अक्षर मोठं केलं की तीनशेची पाचशे होतात. मग काही अॅप ठरावीक बाइट म्हणजे एक पान असा अंदाज बांधतात. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, आपल्या देवनागरीला तीन. 'क्षि' हे आपल्याला एक अक्षर, संगणकाला चार चिन्हं, म्हणजे बारा बाइट. त्या हिशेबानं मराठी पुस्तक उगीचच जाडजूड ठरतं.

आपल्या जुन्या लोकांना हा घोळ माहीत होता. हातानं उतरवलेल्या दोन पोथ्यांची पानं कधी जुळायची नाहीत. म्हणून संस्कृत पोथी नकलणारे ३२ अक्षरांचा एक 'ग्रंथ' धरून मजकूर मोजत, मजुरीही त्यावरच. आणि विनोबांची 'गीताई' घ्या. खिशातली असो की मोठ्या टायपाची, अध्याय आणि श्लोक सांगितला की कुणालाही सापडते.

गांधीजींच्या बाबतीत हे काम तारीख करते. 'हिंद स्वराज' त्यांनी १३ ते २२ नोव्हेंबर १९०९ या दहा दिवसांत बोटीवर लिहिलं. दोन्ही संच तारखेनं लावलेले आहेत. तेव्हा पुढच्या वेळी कुणी 'खंड, पान' पाठवलं, तर आधी विचारा : पत्र कुणाला, तारीख कोणती, आणि संच ९८ चा की १०० चा?