स्थळ, सातबारा आणि सिनेमा

विजयदुर्गात गणपतीच्या आधी आठ-दहा दिवस बंद घरांची कुलपं निघू लागतात. पडवीतली जळमटं झाडली जातात, विहिरीवर पंप बसतो आणि एसटी स्टँडपासून जेटीपर्यंत बातमी पोचते की अमक्यांचे मुंबयकार इले. पाठोपाठ प्रश्न येतोच: झिलाचा लगीन झाला काय? जेन ऑस्टेनची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' (1813) सुरू होते ती नेमकी इथंच. भाड्यानं गेलेला वाडा, त्यात येणारा सधन अविवाहित तरुण आणि शेजारच्या घरात लग्नाच्या पाच मुली. इंग्रजी प्रेमविनोदी कादंबऱ्यांवरच्या चित्रपटांचा अभ्यास करायला येणाऱ्या मराठी वाचकाचं स्वागत मी याच दारातून करतो, कारण या विषयातली अर्धी सामग्री त्याच्या घरात आधीच आहे.

रूपांतर म्हटलं की पहिला प्रश्न निघतो, मुळाशी ते किती प्रामाणिक? जॉर्ज ब्लूस्टोन यांनी 1957 साली 'नॉव्हेल्स इन्टू फिल्म'मध्ये या प्रश्नाची मर्यादा दाखवली. शब्दांनी जे साधतं ते पडद्यावर वेगळ्याच साधनांनी साधावं लागतं, हे त्यांचं म्हणणं आजही पायाभूत आहे. लिंडा हचन यांनी 2006 मध्ये रूपांतराला स्वतंत्र निर्मितीचा मान दिला. हे दोन्ही ग्रंथ वाचावेतच. पण या विशिष्ट प्रकाराला मी आणखी एक प्रश्न विचारतो: घराचं काय केलं?

या कादंबऱ्यांतलं हसू भीतीवर उभं असतं. बेनेट कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 2,000 पौंड, पण बापाच्या पश्चात घर-जमीन जाणार दूरच्या भाऊबंदाकडे, मिस्टर कॉलिन्सकडे. आपल्याकडे हे समजावून सांगावं लागत नाही. मिताक्षरा कायद्याखालच्या अविभक्त कुटुंबात मुलगा नसलेला पुरुष वारला की 1937 पर्यंत त्याचा हिस्सा भाऊबंदांकडे जाई. विधवेला पोटगी आणि मुलींना लग्न होईपर्यंतचा सांभाळ. मुलीला जन्मानं वडिलोपार्जित मिळकतीत हिस्सा महाराष्ट्रानं दिला तो 1994 मध्ये, देशभर तो आला 2005 मध्ये. कॉलिन्स जेवायला येतो आणि घर न्याहाळतो, तेव्हा सातबाऱ्यावरच्या नावांसाठी भांडलेल्या कुठल्याही वाडीतल्या माणसाला त्याची नजर ओळखता येईल.

म्हणून याच कादंबरीवरचा 1940 चा हॉलिवूडपट मला उणा वाटतो. ग्रीअर गार्सन आणि लॉरेन्स ऑलिव्हिए दोघंही मोहक आहेत, पण नायक डार्सीच्या मावशीला, लेडी कॅथरीनला, शेवटी प्रेमळ करून टाकल्यावर धाकच उरत नाही. गुरिंदर चढ्ढांच्या 'ब्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये (2004) अमृतसरच्या कुटुंबाला घर जाण्याची धास्ती नाही. मात्र तिथं दुसरी एक गोष्ट नेमकी सापडली आहे. हा डार्सी अमेरिकन हॉटेलवाला आहे, गोव्यात हॉटेल घेण्याच्या विचारात, आणि नायिका ललिता त्याला त्याच्या पर्यटकी नजरेबद्दल सुनावते. 1997 साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झालेल्या सिंधुदुर्गात बसून तो प्रसंग पाहताना जमीन कुणाची, हा जुनाच प्रश्न नव्या कपड्यांत भेटतो. ऑस्टेनच्याच दुसऱ्या कादंबरीवरच्या, राजीव मेनन यांच्या तमिळ 'कंडुकोंडेन कंडुकोंडेन'ने (2000) मात्र ही भीती थेट उचलली: आजोबा गेल्यावर आई आणि मुलींना घर सोडून चेन्नई गाठावी लागते.

मराठीत अशा रूपांतरांची परंपरा कादंबरीपेक्षा नाटकांतून रुजली, हे अभ्यासकानं लक्षात ठेवावं. गोविंद बल्लाळ देवलांचं 'संशयकल्लोळ' आर्थर मर्फी यांच्या 1761 च्या नाटकावरून आलं. पु. ल. देशपांडे यांनी शॉच्या 'पिग्मॅलियन'ची 'ती फुलराणी' केली (1975), तेव्हा उच्चारांतली उच्चनीचता मराठी बोलींत शोधली. इंग्रजी वर्गभेदाला इथला तोडीचा भेद शोधणं, हे त्यांचं सर्वांत अवघड काम होतं आणि ते त्यांनी पार पाडलं.

सुरुवात कुठून करावी, तर ऑस्टेनच्या 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' (1811) या कादंबरीच्या दुसऱ्या प्रकरणापासून. बापानं मरताना जॉन डॅशवूडकडून सावत्र आई आणि बहिणींना सांभाळायचं वचन घेतलेलं असतं. तो 3,000 पौंड द्यायचं ठरवतो. बायको बोलत राहते आणि आकडा उतरत जातो: दीड हजार, मग वर्षासनाचा विचार, मग अधूनमधून थोडी रक्कम, आणि अखेर मोसमात मासळी आणि शिकार धाडली तरी पुरे. आंग ली यांच्या 1995 च्या चित्रपटात पटकथाकार एमा थॉम्पसन यांनी हेच संभाषण नव्या मालकांच्या प्रवासाच्या तुकड्यांत पसरलं. गाडी घराच्या जवळ येत जाते तसतशी रक्कम घटते, आणि कॅमेऱ्याला वेगळं काही सांगावं लागत नाही. त्या पटकथेला ऑस्कर मिळालं. प्रकरण वाचा, ती पहिली काही मिनिटं पाहा, पुन्हा प्रकरण वाचा.

मग तोच प्रसंग विजयदुर्गात लिहून बघा. नवरा-बायको मुंबईहून निघालेत, तरळ्याला गाडी हमरस्ता सोडून वळते तेव्हा काकी आणि तिच्या मुलींना निम्मी बाग द्यायचं ठरलेलं आहे. वाघोटणची खाडी दिसेपर्यंत निम्म्याची दहा कलमं झाली आहेत. गाडी खळ्यात उभी राहते तेव्हा उरली आहे ती हंगामात हापूसची एक पेटी.