घाट चढणारी मोटर

मुंबईहून मनमाडला येणाऱ्या बहुतेक गाड्या कसाऱ्याला थांबतात. तेथे गाडीच्या मागे जादा इंजिने लागतात, ती गाडीला इगतपुरीपर्यंत ढकलत आणतात आणि सुटी होतात. मनमाडच्या मुलांना या ‘बँकर’ इंजिनांचे नवल वाटत नाही. पण ती का लागतात, असे विचारले तर उत्तर मिळते, ‘चढ आहे म्हणून’. हे उत्तर बरोबर असले तरी अपुरे आहे. त्यात विजेच्या मोटरीचा शंभर वर्षांचा इतिहास दडलेला आहे.

कसारा-इगतपुरी हा थळ घाटातील लोहमार्ग १८६५ साली खुला झाला. त्याचा चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेले की गाडी १ मीटर वर चढते. यावरून वर्गात सोपे गणित करता येईल. १,००० टनांची गाडी या चढावर नुसती तोलून धरायलाच १,००० भागिले ३७, म्हणजे सुमारे २७ टन वजनाइतका जोर लागतो. गाडी हलवायची तर त्याहून अधिक. आणि हा जोर वेग शून्य असतानाच हवा असतो.

येथेच मोटरीची परीक्षा असते. चाक फिरवणाऱ्या जोराला आपण परिबल म्हणतो, कारागीर त्याला टॉर्क म्हणतात. शक्ती म्हणजे परिबल गुणिले कोनीय वेग. तेव्हा तीच शक्ती कमी वेगात हवी असेल, तर परिबल त्याच पटीने वाढवावे लागते. परिबल दोनच गोष्टींवर अवलंबून असते: चुंबकक्षेत्र आणि त्यातील तारांमधून जाणारा प्रवाह. लोखंडातील चुंबकत्वाला मर्यादा आहे. प्रवाह वाढवला तर उष्णता त्याच्या वर्गाने वाढते. शिवाय फिरणारी मोटर स्वतःच जनित्रासारखी उलटा दाब निर्माण करून प्रवाहाला आवर घालते. थांबलेल्या मोटरीत हा आवर नसतो. म्हणून जास्त परिबल हवे तर मोटर मोठी करावी लागते. लहान मोटरीतून ते काढायचे म्हणजे मुख्यतः उष्णतेशी झगडा असतो.

१९२५ साली मुंबईत विजेची पहिली गाडी धावली. पाठोपाठ जी. आय. पी. रेल्वेने घाटमार्गही १,५०० व्होल्ट दिष्ट प्रवाहावर आणले. घाटातील मालगाड्यांसाठी १९२८ पासून जी इंजिने आली, त्यांचा आराखडा स्वित्झर्लंडमधील होता. पुढे त्यांना ‘डब्ल्यूसीजी-१’ हे नाव मिळाले. लोक मात्र त्यांना ‘खेकडा’ म्हणत. त्यांत प्रत्येकी ६५० अश्वशक्तीच्या चार मोटरी होत्या. ट्रामच्या लहान मोटरी चाकांच्या मधोमध, आसाला टेकून बसवण्याची युक्ती फ्रँक स्प्रेगने १८८८ सालीच अमेरिकेतील रिचमंड शहरात यशस्वी केली होती. पण घाट चढवणारी मोटर त्या जागेत मावणारी नव्हती. म्हणून खेकड्याच्या मोटरी वर, सांगाड्यात बसवल्या होत्या. त्या दंतचक्रांनी एक आडवा दांडा फिरवीत आणि बाहेरच्या लोखंडी दांड्यांनी तीन-तीन चाके एकत्र फिरत, अगदी वाफेच्या इंजिनासारखी. दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात असे इंजिन आजही पाहता येते.

या मोटरी एकसरी जोडणीच्या होत्या. त्यांत तोच प्रवाह चुंबकातून आणि फिरत्या गुंडाळीतूनही जातो, त्यामुळे सुरुवातीला परिबल भरपूर मिळते. उणीव होती ती कम्युटेटरची. आसावरची बरीच लांबी त्याला आणि त्याच्या ब्रशांना द्यावी लागे. शिवाय गाडी चढावर अडली आणि चालकाने प्रवाह तसाच चालू ठेवला, तर ब्रशांखाली आलेल्या तांब्याच्या त्याच पट्ट्या तापत राहत आणि कम्युटेटर जळण्याची भीती असे. घाटात अडकलेली गाडी हा चालकासाठी खरोखरच धोक्याचा क्षण होता.

कम्युटेटर नसलेली त्रिकला प्रवर्तन मोटर १८८९ पासून माहीत होती. पण ती वारंवारतेची दासी! ५० हर्ट्‌झवर ती सुरुवातीला प्रवाह फार ओढते आणि परिबल थोडेच देते. तिला आरंभी एखाददुसऱ्या हर्ट्‌झची वीज देऊन हळूहळू वारंवारता वाढवायला हवी होती. हे काम चालत्या इंजिनात करू शकणारी अर्धवाहक साधने १९७०-८० च्या दशकांत तयार झाली. १९९० च्या दशकाच्या मध्यात तशी इंजिने भारतात आली आणि नंतर चित्तरंजनला बनू लागली.

त्यांपैकी ‘डब्ल्यूएजी-९’ या मालगाडीच्या इंजिनाचा हिशेब पाहा. त्यात ८५० किलोवॅटच्या, म्हणजे सुमारे १,१४० अश्वशक्तीच्या सहा मोटरी आहेत. प्रत्येकीचे वजन सुमारे दोन टन, आणि सगळ्या चाकांच्या मधल्या जागेत! मिनिटाला १,२८३ फेऱ्यांच्या वेगाला तिचे परिबल सुमारे ६,३३० न्यूटन-मीटर येते. विद्यार्थ्यांनी हे स्वतः काढून पाहावे. पुढे १५ आणि ७७ दात्यांची दंतचक्रे ते पाचपटीहून थोडे अधिक करून चाकाला देतात. दंतचक्रे नसती तर मोटर पाचपट परिबलाची, म्हणजे जवळजवळ पाचपट आकारमानाची करावी लागली असती. कम्युटेटर गेल्यामुळे ती जागा तांब्या-लोखंडाला मिळाली. जोरात खेळवलेली हवा आणि अधिक उष्णता सोसणारी विद्युतरोधक आवरणे यांनी उरलेले काम केले.

मग बँकर अजून का लागतात? कारण आता अडचण एकट्या मोटरीची उरलेली नाही. चाक आणि रूळ यांतील घर्षण ठरावीकच जोर पेलते. त्यापलीकडे परिबल वाढवले तर चाक जागीच घसरते.

मनमाडहून जवळच, नाशिकरोडला, रेल्वेच्या कर्षण मोटरींची दुरुस्ती करणारा कारखाना आहे. शिक्षकांनी परवानगी मिळवून मुलांना तो दाखवावा. ते जमले नाही तर खेळण्यातली मोटर घ्यावी. तिचा आस बोटांनी धरून दोन-तीन सेकंद थांबवावा आणि प्रवाहमापक पाहावा. काटा एकदम वर जातो. आस सोडला की तो खाली येतो. बोटांनी धरलेला तो आस म्हणजेच चढावर उभी असलेली गाडी.