तार आणि बिनतारी : एका जोडकामाचा इतिहास

बिनतारी यंत्र आलें आणि तारेची गरज संपली, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. इतिहास मात्र निराळें सांगतो.

१९२७ सालीं हिंदुस्थान व इंग्लंड यांच्यामध्यें ‘बीम’ पद्धतीची बिनतारी संदेशसेवा सुरू झाली. संदेश धाडण्याचें केंद्र पुण्याजवळ खडकीस, तर घेण्याचें दौंडास. हीं दोन केंद्रें इतक्या अंतरावर कां, असें जिज्ञासूस वाटेल. शेजारीं कोणी मोठ्यानें ओरडत असतां दुरून आलेली कुजबूज ऐकूं येत नाहीं. तोच हा प्रकार. पण केंद्रें शहराबाहेर गेलीं म्हणजे मुंबईच्या कचेरीपर्यंत संदेश पोंचविण्यास जमिनीवरची तार हवीच! सातासमुद्रांचा पल्ला बिनतारी आणि घरचा पल्ला तारेवरून, अशी ती विभागणी होती.

मुंबईहून एडनकडे जाणारी समुद्रतार १८७० पासून होतीच. बीमचे दर स्वस्त, त्यामुळें तारकंपन्यांचा धंदा ओसरूं लागला. परंतु आकाशांतील ज्या विद्युद्भारित थरावरून लघुलहरी परततात, तो थर दिवसरात्र व ऋतुमान यांप्रमाणें बदलतो, आणि संदेश क्षीण होतात. समुद्रतारेस ही पीडा नाहीं. अखेर १९२९ सालीं विलायतेंत दोहोंचें एकीकरण झालें. १९३२ सालीं येथें ‘इंडियन रेडिओ अँड केबल कम्युनिकेशन्स’ कंपनी निघाली, व १ जानेवारी १९४७ रोजीं सरकारनें ती ताब्यांत घेतली. या एकीकरणांत व्यापारी हिशेबच मोठा होता, असें माझें मत आहे. तरी एक वाट अडली असतां दुसरी मोकळी, हा लाभ कांहीं लहान नव्हे.

पुढें तांब्याची जागा काचेनें घेतली. १९६६ सालीं चार्ल्स काओ यांनीं शुद्ध काचतंतूंतून प्रकाशानें संदेश दूर नेतां येईल असें दाखविलें. पुण्यांत १९७९ सालीं स्थानिक टेलिफोन केंद्रांमध्यें काचतंतु आला. आजच्या तंतूंत पंधरा किलोमीटर गेल्यावरही सुमारें निम्मा प्रकाश शिल्लक असतो.

आतां आमच्या लोणार तालुक्यांतील बीबीसारख्या गांवाचा विचार करा. मनोरा समोर दिसतो, मोबाइलवरच्या रेघा पूर्ण असतात, आणि तरीही एखाद्या मुलाचा परीक्षेचा अर्ज शेवटच्या दिवशीं पुढें सरकत नाहीं. अशा वेळीं आपण मनोऱ्यास दोष देतों. पुष्कळदां अडचण त्याच्या पाठीमागें असते. मोबाइलपासून मनोऱ्यापर्यंतची वाट रुंद; पण तेथून पुढें अनेक मनोऱ्यांचा भार एकाच सूक्ष्मलहरींच्या दुव्यावर पडतो. मनोऱ्याच्या पायथ्याशीं काचतंतु पोंचला कीं ही कोंडी बरीचशी सुटते. ग्रामपंचायतींपर्यंत तंतु नेण्याच्या राष्ट्रीय योजनेस २०११ सालीं मंजुरी मिळाली, ती याच जातीच्या गरजेपोटीं.

याहून पुढची युक्ति अशी, कीं मनोऱ्यावर जवळजवळ केवळ अँटेना ठेवावी, अवजड यंत्रसामग्री मध्यवर्ती ठिकाणीं असावी, आणि रेडिओलहर प्रकाशावर आरूढ करून तंतूंतून न्यावी. मग अँटेना लहान व पुष्कळ ठेवतां येतात, आणि शेजाऱ्या-शेजाऱ्यांचा गोंगाटही एके ठिकाणाहून आवरतां येतो.

मात्र रस्ता खणणाऱ्या यंत्राचा एक घाव बसला कीं भूमिगत तंतु तुटतो. म्हणून जाणते योजक तंतूचें वर्तुळ पुरें करितात, म्हणजे एका बाजूनें तुटला तरी संदेश दुसऱ्या बाजूनें फिरून येतो. आणि जेथें तें साधत नाहीं, तेथें जुना सूक्ष्मलहरींचा दुवा राखीव म्हणून ठेवतात.