चार ठिपक्यांचा घोडा : चिनी ट्रेडिंग कार्डांच्या आवृत्त्या शोधताना

माझ्या दुसऱ्या प्रगती अहवालात एक वाक्य होतं : ‘या संचाची चिनी आवृत्ती अत्यंत दुर्मिळ आहे.’ आरएसीच्या बैठकीआधी मॅडमनी अहवाल परत दिला तेव्हा ‘दुर्मिळ’ या शब्दाभोवती पेन्सिलीने गोल केलेला होता आणि शेजारी एकच शब्द लिहिला होता, ‘कुणासाठी?’ त्या एका शब्दापायी माझे पुढचे आठ महिने गेले आणि प्रबंधाचं तिसरं प्रकरण मुळापासून नव्याने लिहावं लागलं. तुमच्यापैकी बरेच जण सध्या पेटच्या मुलाखतीची तयारी करताय, सिनॉप्सिस लिहिताय. म्हणून हा घोळ जरा सविस्तर सांगतो.

माझा विषय आधी थोडक्यात. वापरून टाकून देण्यासाठीच ज्या गोष्टी छापल्या जातात, म्हणजे वेष्टनं, तिकिटं, काडेपेट्यांची लेबलं, पत्ते, त्यांना अभ्यासक ‘एफेमेरा’ म्हणतात. मी त्यातल्या ट्रेडिंग कार्डांवर काम करतो. लहानपणी तुम्ही कुस्तीपटूंचे किंवा क्रिकेटपटूंचे पत्ते जमवून वर्गात अदलाबदल केली असेल, तर ट्रेडिंग कार्ड म्हणजे काय हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ या कंपनीने ‘मॅजिक : द गॅदरिंग’ बाजारात आणला आणि जमवण्याच्या या हौसेत प्रत्यक्ष खेळ मिसळला. पत्ता जमवायचाही आणि त्याने समोरच्याशी डावही खेळायचा. पाकीट बंद असतं, आत काय निघेल ते नशिबावर. शिवाय काही पत्ते मुद्दाम कमी छापलेले. १९९८ पासून तर पत्त्यावरच्या छोट्या चिन्हाच्या रंगावरून ते कळतं : काळं म्हणजे नेहमीचा, चंदेरी म्हणजे त्याहून कमी मिळणारा, सोनेरी म्हणजे दुर्मिळ.

इथेच थांबून एक गोष्ट लक्षात घ्या. या वस्तूच्या बाबतीत ‘दुर्मिळ’ हा शब्द कंपनीनेच छापून दिलेला आहे. ती ठरवून केलेली दुर्मिळता. पुढे वीस-पंचवीस वर्षांत पत्ते हरवतात, फाटतात, रद्दीत जातात आणि उरलेल्यांच्या मागे लोक धावतात, ती घडलेली दुर्मिळता. दोन्हींचा एकमेकींशी संबंध असतो, पण त्या एक नव्हेत. माझ्या अहवालात मी दोन्हींची खिचडी केली होती.

आता माझा संच. नाव ‘पोर्टल थ्री किंग्डम्स’. साल १९९९. एकूण १८० पत्ते : नेहमीचे ५५, कमी मिळणारे ५५, दुर्मिळ ५५ आणि जमिनीचे १५. विषय चीनमधल्या तीन राज्यांचा, म्हणजे इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातल्या वेई, शू आणि वू यांच्या संघर्षाचा. लुओ ग्वानझोंगच्या नावावर असलेली या काळावरची कादंबरी चिनी मुलांना तशीच ठाऊक असते जशा आपल्याकडे महाभारतातल्या गोष्टी. त्साओ त्साओ, लिऊ बेई, सुन च्युआन, गुआन यू ही सगळी मंडळी या पत्त्यांवर आहेत. नेहमीच्या मॅजिकमध्ये उडणारे प्राणी असतात. या संचात त्यांच्या जागी घोडेस्वारी आणली, आणि नियम असा की घोडेस्वाराला घोडेस्वारच अडवू शकतो.

मी काय गृहीत धरलं होतं ते बघा. कंपनी अमेरिकन, म्हणून इंग्रजी पत्ता मूळ. चिनी पत्ता त्याचा अनुवाद. अनुवाद मुळापेक्षा कमी छापला जातो, म्हणून चिनी पत्ता दुर्मिळ. एकेक पायरी कशी सरळ वाटते! मोडी कागदांच्या बाबतीत आपण असली चूक करणार नाही. इंग्रजी भाषांतर हाताशी आहे म्हणून मूळ कागद इंग्रजी असं कुणी म्हणालं तर आपण हसू. पण कंपनीचं नाव अमेरिकन दिसलं आणि माझं डोकं चालायचं थांबलं.

प्रत्यक्षात हा संच आशियाई बाजारासाठीच काढला होता. तो सोप्या लिपीतल्या चिनीत, पारंपरिक लिपीतल्या चिनीत आणि जपानीत छापला गेला. इंग्रजीत छापला तो अगदी थोडा, तोही मुख्यतः ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडच्या बाजारासाठी. म्हणजे या चौघांतली दुबळी आवृत्ती इंग्रजी! त्यातून सुरुवातीची काही वर्षं इंग्रजी जगात कुणाला तिची फारशी पडलेली नव्हती, कारण पोर्टल मालिकेतले संच नवशिक्यांसाठी होते आणि मोठ्या स्पर्धांत ते चालत नसत. २० ऑक्टोबर २००५ पासून ‘व्हिंटेज’ आणि ‘लेगसी’ या स्पर्धाप्रकारांत ते चालू लागले. एका नियमाने चित्र पालटलं. ‘इम्पीरियल सील’ नावाचा पत्ता खेळात इतका जबर निघाला की लेगसीत त्याच्यावर बंदी आली आणि व्हिंटेजमध्ये एकच प्रत बाळगायची मुभा राहिली. स्पर्धेत चिनी पत्ताही चालतो. पण पैसे मोजणाऱ्यांना इंग्रजी हवा होता, आणि इंग्रजी तर मुळातच थोडा. त्यामुळे तोच पत्ता, तेच चित्र, पण इंग्रजी प्रत साधारणपणे चिनीपेक्षा बरीच महाग. पुढे २०२२ मध्ये त्याचं पुनर्मुद्रण ‘डबल मास्टर्स २०२२’ या संचात आलं आणि कोड्याला अजून एक फाटा फुटला.

आता माझं वाक्य परत वाचा : ‘चिनी आवृत्ती अत्यंत दुर्मिळ आहे.’ कुणासाठी? पुण्यात बसून इंग्रजीत शोध घेणाऱ्या माझ्यासाठी. बस, एवढंच.

मग चिनी आवृत्तीचा माग खरंच काढायचा कसा? पहिली अडचण नावाची. मुख्य भूमीवरच्या चीनमध्ये या खेळाला ‘वान झी पाय’ म्हणतात. वान म्हणजे दहा हजार, झी म्हणजे शहाणपण आणि पाय म्हणजे पत्ता. तैवानमध्ये मात्र नाव पूर्ण वेगळं, ‘मोफा फंगयुन हुई’, म्हणजे जादूच्या जगातला वीरांचा मेळा असं काहीसं. एका नावाने शोधलंत तर दुसरी बाजू तुमच्यासाठी अस्तित्वातच नाही. मी पहिले तीन महिने फक्त पहिल्या नावाने शोधत होतो आणि पारंपरिक लिपीतले पत्ते सापडत नाहीत म्हणून ते दुर्मिळ, अशी नोंदही करून मोकळा झालो होतो. (होय, तीच चूक पुन्हा.) पोकेमॉनच्या बाबतीत तर हाँगकाँग आणि तैवान यांची नावं वेगवेगळी होती. २०१६ मध्ये सगळीकडे एकच नाव ठरलं तेव्हा हाँगकाँगमध्ये लोक पिकाचूचं जुनं कँटनी नाव वाचवायला जपानी वकिलातीवर मोर्चा घेऊन गेले. पत्त्यावर कोणतं नाव आहे यावरून तो कुठला आणि कोणत्या काळातला याचा अंदाज येतो, हे त्या बातमीने मला शिकवलं.

दुसरी अडचण लिपीची. मला चिनी येत नाही. आमच्या विद्यापीठात चिनी शिकणाऱ्या मैत्रिणीने यावर एक साधी युक्ती दिली, तीच तुम्हाला देतो. पत्त्यावर घोडा शोधायचा. घोडेस्वारीचा संच आहे, त्यामुळे ‘मा’ म्हणजे घोडा हे चिन्ह पुष्कळ पत्त्यांच्या मजकुरात असतंच. पारंपरिक लिपीत ते दहा फटकाऱ्यांचं आणि खाली चार ठिपके, जणू चार खूर. १९५० च्या दशकात मुख्य भूमीवर लिपी सोपी करण्यात आली तेव्हा तोच घोडा तीन फटकाऱ्यांचा झाला, खूर गेले आणि तिथे एक आडवी रेघ आली. चार ठिपके दिसले की तैवान-हाँगकाँगकडची आवृत्ती, रेघ दिसली की मुख्य भूमीची. दोन आठवड्यांत मी चिनीचा एक शब्दही न बोलता आवृत्त्या वेगळ्या करू लागलो. मैत्रिणीने अर्थात बजावलं की एवढ्यावर मी चिनी स्रोत वापरले असं प्रबंधात लिहू नकोस. बरोबर आहे तिचं. प्रत्येक मजकूर मी तिच्याकडून वाचून घेतला आणि ऋणनिर्देशात तसं लिहिलं.

तिसरी अडचण तारखेची, आणि मला स्वतःला हाच भाग सगळ्यात आवडतो. संच ‘मे १९९९’चा असं सगळीकडे सापडतं. पण लू बू या योद्ध्याचा एक पत्ता प्रचारासाठी वाटला होता आणि त्यावर तारीख ठसवलेली आहे. तीही एक नाही, दोन : एकावर २९ एप्रिल १९९९, दुसऱ्यावर ४ जुलै १९९९. मग प्रकाशन कधीचं? पुस्तकाच्या बाबतीत हा प्रश्न आला की आपण आतलं पान उघडतो. पत्त्याला आतलं पान नसतं.

मध्यंतरी मी फसलोही. जुना, पारंपरिक लिपीतला म्हणून एका विक्रेत्याकडून एक पत्ता मागवला. घड्याळ दुरुस्त करणारे वापरतात तसलं दहा पट भिंग लावून बघितलं तर काळी अक्षरंसुद्धा रंगीत ठिपक्यांची! ऑफसेटच्या खऱ्या पत्त्यात चित्राचे ठिपके फुलासारखे मांडलेले दिसतात, पण काळा मजकूर भरीव असतो. कुणीतरी पत्ता स्कॅन करून पुन्हा छापला होता. मी चिडून तो फेकणार होतो. मॅडम म्हणाल्या, “टाकू नकोस रे. लोक खोटं कशाचं करतात, ते बघ.” खोट्या पत्त्यांची मी आता वेगळी वही ठेवली आहे, आणि खरं सांगतो, मागणीचा इतिहास किमतींच्या यादीपेक्षा त्या वहीत जास्त दिसतो.

ग्रंथालयांचं काय, असं तुम्ही विचाराल. त्यांच्या तालिकेत या संचासाठी मी बराच वेळ घालवला आणि हाती फारसं काही लागलं नाही. पत्त्यांची नोंद ठेवण्याचं काम आधी हौशी लोकांनीच केलंय. न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूजच्या जेफरसन बर्डिकचं उदाहरण घ्या. संधिवाताने हात वाकडे झालेला हा कारखान्यातला कामगार, त्याने जुन्या अमेरिकन पत्त्यांची पहिली मोठी सूची १९३९ मध्ये काढली. आपले तीन लाखांहून जास्त कागद मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिले आणि तिथे बसून वर्षानुवर्षं स्वतः वह्यांत चिकटवले. जानेवारी १९६३ मध्ये काम संपलं, मार्चमध्ये तो गेला. त्याने पाडलेले सांकेतिक क्रमांक आजही लिलावात वापरतात. चिनी पत्त्यांच्या बाबतीत असा बर्डिक मिळेल म्हणून मी वाट बघत बसलो नाही. कन्फ्यूशियसच्या नावाने २००२ पासून चालणाऱ्या जुन्या पुस्तकांच्या ऑनलाइन बाजारात काय विकायला येतं, कुठल्या शहरातून येतं, याची रोज रात्री नोंद करायला लागलो.

तिथेच मला माझ्या प्रकरणाचं खरं मध्य सापडलं. ‘थ्री किंग्डम्स’ शोधताना सारखे दुसरेच पत्ते समोर यायचे : शिआओ ह्वानशिओंग, म्हणजे ‘छोटं रकून’ नावाच्या कोरड्या नूडल्सच्या पाकिटात मिळणारे, ‘वॉटर मार्जिन’ कादंबरीतल्या १०८ वीरांचे. त्याच काळातले. तिथल्या मुलांनी पॉकेटमनी त्यावर उडवला, नूडल्स टाकून पत्ते ठेवले. विकणारी आज तीच मुलं, मोठी झालेली. पत्त्यांचे कोपरे दुमडलेले, मागे बॉलपेनने वर्गमित्राचं नाव. अमेरिकन कंपनीने चिनी वीरांचा देखणा संच छापला, आणि त्याच सुमारास चिनी मुलांच्या खिशात नूडल्सचे वीर होते. या दोन्हींना एकाच टेबलावर मांडल्याशिवाय ‘चिनी भाषेतलं ट्रेडिंग कार्ड’ असं काही म्हणताच येत नाही. मी मात्र पहिलं वर्षभर फक्त ज्याला डॉलरमध्ये किंमत होती तेच शोधत होतो.

नवा मसुदा गेल्या आठवड्यात दिला. त्यात ‘दुर्मिळ’ हा शब्द सात ठिकाणी आहे आणि प्रत्येक ठिकाणी सोबत भाषा, जागा आणि वर्ष लिहिलंय. काल मॅडमनी तो परत दिला. ‘दुर्मिळ’ला एकदाही हात लावलेला नाही. गोल या वेळी ‘आवृत्ती’भोवती आहे, आणि शेजारी चार ठिपक्यांचा घोडा काढलाय.